दुसरीच्या वर्गातली बाके काढावीत का? एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमच्याकडे दुसरीचा वर्ग आहे, पट ३२ आहे, खोली साधारण २० बाय २२ फुटांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी देणगीतून मिळालेली १६ जोडबाके तिच्यात दाटीने मांडलेली आहेत. परदेशातील शाळांच्या चित्रफितींमध्ये मुले मोठ्या चेंडूंवर, बीनबॅगवर, जमिनीवर किंवा उभ्यानेही काम करताना तुम्ही पाहिली; अशा मांडणीला लवचिक आसनव्यवस्था म्हणतात. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या १२,००० रुपयांत असा वर्ग उभा करावा का, बाके काढून टाकावीत का, मुलांना ठरलेली जागा नसली तर वर्ग आवरायचा कसा, आणि ‘पोरं भुईवरच बसवायची होती तर बाकं आणली कशाला?’ असे विचारणाऱ्या पालकांना काय उत्तर द्यावे, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी २६ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत आहे. त्यातील पहिली दहा वर्षे पाटण तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेत गेली आणि पुढची कराडच्या आसपास. सतरंजी, बसकरपट्ट्या, बाके आणि या सर्वांचे मिश्रण अशा प्रत्येक व्यवस्थेत मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आहेत. त्या अनुभवावरून सांगते की तुमचा खरा प्रश्न त्या चार प्रश्नांत आलेला नाही, तो तुम्ही मध्येच लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे. तुम्ही लिहिले आहे की मधल्या सुट्टीनंतर निम्मी मुले बाकावर गुडघे टेकून लिहितात, काही आडवी होतात आणि काही पाण्याच्या निमित्ताने सारखी उठतात. चित्रफीत घडीभर विसरून आधी या वाक्याकडे पाहू या.

सोमवारी वर्गात जाताना शिवणकामाची टेप घेऊन जा. पाच-सहा मुलांच्या गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजा आणि मग बाकाच्या बसायच्या फळीची जमिनीपासूनची उंची मोजा. माझ्या दुसरीच्या वर्गात पहिले माप बहुतेक मुलांचे ११ ते १३ इंच भरले होते आणि देणगीत आलेल्या बाकांची फळी १७ इंचांवर होती. ती बाके मुळात माध्यमिक शाळेच्या मापाने बनवलेली होती. अशा बाकावर सात वर्षांचे मूल बसते तेव्हा त्याचे पाय लोंबकळतात, मांडीखाली फळीची कड रुतते आणि लिहायची फळी जवळजवळ छातीपर्यंत येते, त्यामुळे खांदे उचलून लिहावे लागते. या अडचणीवर मूल स्वतःच उपाय शोधते आणि बाकावर गुडघे टेकून उंच होते. आपण त्याला दिवसातून दहा वेळा ‘नीट बस’ म्हणतो, परंतु त्या बाकावर नीट बसण्याची सोयच त्याला नसते.

म्हणून माझी पहिली सूचना बाके दुरुस्त करण्याची आहे. पाय कापून बाके बुटकी करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, पण तो मानू नका. एक तर ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदलेली वस्तू आहे आणि तिच्यात असा बदल स्वतःच्या अखत्यारीत करता येत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जोडबाकाचे पाय कापले की बसायची आणि लिहायची अशा दोन्ही फळ्या सारख्याच खाली येतात, त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते आणि खांदे उचलून लिहिणे काही थांबत नाही. त्याऐवजी बसायच्या फळीवर दोन इंच जाडीची, घट्ट घडी घातलेली वाकळ (गोधडी) बांधा आणि बाकाखालच्या आडव्या गजांवर एक लांब फळी तारेने पक्की करा. माझ्या बाकांचे गज जमिनीपासून सहा इंचांवर होते आणि फळी एक इंच जाडीची होती. बैठक १९ इंचांवर गेली, पाय सात इंचांवर टेकले, म्हणजे मधले अंतर १२ इंच राहिले आणि तेच मुलांचे माप होते. माझ्या वर्गातील एक मुलगा वर्षभर गुडघ्यांवर बसूनच लिहीत असे. फळी बसवली त्या दिवशी त्याने प्रथम दोन्ही पाय तिच्यावर आपटून पाहिले, मग पाठ टेकली आणि पाठ्यपुस्तकातील अख्खा उतारा न उठता उतरवून काढला. त्याला मी त्या दिवशी काहीही सांगितलेले नव्हते.

आता लवचिक आसनव्यवस्थेकडे वळू. ही कल्पना मला मनापासून पटलेली आहे आणि ती नवीनही नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपले पहिले बालगृह सुरू केले आणि पुढे आपल्या पद्धतीत खिळवून ठेवलेली बाके टाळून मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबले, खुर्च्या आणि गुंडाळून ठेवता येणाऱ्या चटया दिल्या होत्या. त्यामागचा विचार असा की कामाला अनुरूप जागा मुलाने स्वतः निवडावी आणि ती निवडण्याची जबाबदारीही शिकावी. आमच्या सातारा जिल्ह्याला तर याचा जवळचा अनुभव आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील (शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटातील) शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येत होते. मुले गटागटाने जमिनीवर बसून फरशीवरील रेखाटनांवर आणि साहित्यावर काम करीत असत. पाहून परतलेल्या अनेकांनी आपापल्या शाळेत फरशा रंगवून घेतल्या, परंतु गटातील मुलाने काय करायचे, किती वेळ करायचे आणि झाल्यावर कोठे जायचे याची आखणी मात्र केली नाही, त्यामुळे पुढे त्या रंगवलेल्या फरशीवर पुन्हा रांगा बसू लागल्या. तुमच्या १२,००० रुपयांचे तसे होऊ नये अशी माझी कळकळ आहे.

तेव्हा वस्तूंची यादी करण्याआधी एका आठवड्याच्या कामांची यादी करा. दुसरीच्या वर्गात दिवसभरात मुले काय काय करतात? गोष्ट ऐकतात, मोठ्याने वाचतात, वहीत लिहितात, काड्यांचे दशक-सुटे मांडतात, चित्र काढतात, जोडीने शब्दपट्ट्या जुळवतात आणि फळ्यावर येऊन उदाहरण सोडवतात. यातील वहीत लिहिण्याला पक्की, न हलणारी आणि कोपराच्या उंचीची फळी लागते, कारण याच वयात अक्षराचे वळण बसत असते. काड्या आणि पट्ट्यांना मोठी सपाट जागा लागते आणि ती बाकाच्या उतरत्या, अरुंद फळीवर मिळत नाही. वाचनाला मात्र पाठीला आधार आणि उजेड मिळाला की पुरे. ही यादी समोर ठेवली की कोणत्या वस्तूवर पैसे घालायचे हे बरेचसे आपोआप ठरते.

चेंडू आणि बीनबॅग यांच्यावर माझ्या मते एक रुपयाही घालू नये. चेंडूंचा काही मुलांना उपयोग होतो असे काही अभ्यास सांगतात, परंतु ते अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आपल्याकडे ३२ मुलांच्या खोलीत चेंडू घरंगळतो, फुटतो आणि त्यावर बसून लिहिताना अक्षर हलते. बीनबॅगमधले थर्माकोलचे दाणे एकदा शिवण उसवली की आठवडाभर वर्गभर उडत राहतात आणि ती धुताही येत नाही. घडी घातलेली वाकळ बीनबॅगचे काम अधिक चांगले करते, ती प्रत्येक घरात असते, धुऊन कुंपणावर वाळत घालता येते आणि फाटली तर आजी ठिगळ लावून देते. मी पालकांकडून प्रत्येकी एक छोटी वाकळ मागितली होती आणि आठवडाभरात गरजेपेक्षा जास्त जमल्या. तुमच्या भागात द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट सहज मिळतात. ते पालथे घालून वर फळी आणि वाकळ बांधली तर साधारण फूटभर उंचीची बैठक होते आणि ती दुसरीच्या मुलांच्या मापाला योग्य ठरते. मात्र कडा मोडलेला क्रेट घेऊ नका, कारण त्याने मांडीला ओरखडे निघतात.

रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा बैठ्या मेजांसाठी ठेवा. गावातील सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दहा ते अकरा इंच उंचीची तीन मेजे करून घ्या. मांडी घालून बसल्यावर गुडघे खाली मावले पाहिजेत आणि लिहिताना खांदे उचलले जाता कामा नयेत, या दोन कसोट्या सुताराला सांगा. शक्य असल्यास एक मेज आधी करून घ्या, त्यावर चार मुले बसवून पाहा आणि मगच उरलेल्या दोन मेजांचे काम सांगा. मेजांच्या कडा गोल तासून घ्यायला विसरू नका. उरलेल्या रकमेतून भिंतीला जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत तळफळा (मुलांनी बसून लिहायचा खालचा फळा) रंगवून घ्या आणि बाकांच्या पायांना रबराचे तुकडे बसवा. बाक सरकवल्याचा कर्कश आवाज शेजारच्या वर्गात गेला की मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते आणि चांगली व्यवस्था तेवढ्या कारणाने मोडते. त्यामुळे रबराचा खर्च किरकोळ समजू नका.

आता मांडणीकडे येते. १६ बाके मधल्या अरुंद वाटा न धरताच सुमारे १९० चौरस फूट जागा व्यापतात, म्हणजे तुमच्या ४४० चौरस फुटांच्या खोलीतील बरीचशी जागा त्यांच्याखालीच जाते. त्यातील आठ बाके ठेवा आणि ती मागच्या व खिडकीसमोरच्या भिंतीलगत लावा, म्हणजे पुढे जमिनीवर बसलेल्या मुलांच्या डोक्यावरून बाकावरच्या मुलांना फळा दिसेल. मध्ये तीन मेजे मांडा. एका भिंतीला तळफळा आणि खिडकीखाली वाचनाचा कोपरा ठेवा. हिशेब करा: बाकांवर १६, मेजांवर १२, तळफळ्याजवळ ६ आणि वाचन कोपऱ्यात ४ मिळून ३८ जागा होतात. पट ३२ असताना सहा जागा अधिक असणे अत्यावश्यक आहे. जागा मोजून तेवढ्याच ठेवल्या तर सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या मुलाला निवडच उरत नाही आणि बहुतेक वेळा ते तेच शांत, मागे राहणारे मूल असते.

काही मुलांच्या बाबतीत मात्र निवडीआधी गरज पाहावी लागते. ज्याला दूरचे अंधुक दिसते किंवा कमी ऐकू येते, त्याची जागा फळ्याजवळ राखून ठेवा. डावखुऱ्या मुलाला जोडबाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर दोघांची कोपरे दिवसभर एकमेकांना लागत राहतात. ज्या दिव्यांग मुलाला मांडी घालता येत नाही, त्याच्या गटाचे काम बाकाजवळ न्या. तो एकटा वर आणि गट खाली अशी वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

वर्ग आवरण्याविषयीची तुमची भीती रास्त आहे, कारण मुलांना जागा निवडणे जन्मतः येत नाही. पहिले दोन आठवडे निवड देऊच नका. चार गट करा आणि रोज प्रत्येक गटाला प्रत्येक प्रकारच्या जागेवर एकेक तास काम करू द्या, म्हणजे वाचन कोपऱ्याचे अप्रूप ओसरेल आणि मेजावर वही कशी ठेवायची हे कळेल. जागा बदलण्याचाही सराव घ्या. मी वीसपर्यंत अंक म्हणत असे आणि तेवढ्या वेळात दप्तर न ओढता नव्या जागी पोहोचायचे असा सराव चाले. पहिल्या दिवशी साठपर्यंत मोजूनही गोंधळ चालू होता, दुसऱ्या आठवड्यात अठराला वर्ग स्थिर होऊ लागला. तिसऱ्या आठवड्यापासून दाराजवळ कापडी खिसे लावा, प्रत्येक जागेच्या खिशात किती नावे मावतील ते ठरवा आणि मुलाला आत येताना आपल्या नावाची पट्टी हव्या त्या खिशात घालू द्या. जागा फक्त तास बदलताना बदलता येईल. काम होत नसेल तर बाई जागा बदलून देतील आणि त्यावर त्या दिवशी वाद नाही. लेखनाच्या तासाला मात्र प्रत्येकाने बाकावर किंवा मेजावरच बसायचे, त्या वेळी मेजांवर थोडी दाटी झाली तरी चालेल. या तीन नियमांपलीकडे चौथा नियम मी कधी केला नाही.

एक गोष्ट मी उशिरा शिकले, ती तुम्ही लवकर ध्यानात घ्यावी असे वाटते. मूल कोणती जागा निवडते याची नोंद ठेवा. आमच्या शाळेत ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवरची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतली, मुले येत असत. त्यांतील एक मुलगा कोणत्याही तासाला दाराशेजारचीच जागा धरत असे. तेथे उजेड कमी होता आणि तेथून फळाही तिरपा दिसे. मी त्याला दोनदा उठवून पुढे बसवले, तर तो सारखा मान वळवत राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या जागेवर जाऊन बसले, तेव्हा तेथून व्हरांड्यातील खांबाजवळ बसलेली त्याची तीन वर्षांची बहीण दिसली. आई-वडील फडात असल्यामुळे तो तिला शाळेत घेऊन येत असे. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिला वाचन कोपऱ्यात बसवले आणि तो मुलगा आपणहून मेजावर गेला. मी त्याला ठरलेल्या रांगेत ठेवले असते तर त्याचे लक्ष का नसते हे मला हंगाम संपेपर्यंत कळले नसते.

पालकांच्या आक्षेपाला मी फार गांभीर्याने घेते आणि तुम्हीही तसेच घ्यावे. जे पालक आज तुम्हाला विचारत आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः फाटक्या बसकरपट्टीवर किंवा उघड्या फरशीवर बसून शाळा काढली आहे. शेजारच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली मुले बाकावर बसतात आणि आपली भुईवर, ही सल त्यांनी बाळगलेली आहे. बाक आले तेव्हा त्यांच्या दृष्टीने शाळेला मान मिळाला. आता ते काढले जाते आहे असे दिसले तर त्यांना तो मान गेल्यासारखे वाटणार आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत परदेशी चित्रफीत दाखवू नका. पालकांना वर्गात बोलवा, एखाद्या वडिलांना मुलाच्या शेजारी बाकावर बसवा आणि मुलाचे पाय कोठे राहतात ते त्यांच्याच डोळ्यांनी पाहू द्या. मग पायाखाली फळी बसवलेल्या बाकावर तेच मूल बसवा. आमच्या बैठकीत हे पाहिल्यावर एका वडिलांनी स्वतःहून आठ फळ्या कापून देण्याचे कबूल केले. बाके राहणार आहेत, ती मुलांच्या मापाची होणार आहेत आणि त्यांच्या जोडीला मेजे येणार आहेत, हे सांगण्याची सुरुवात याच क्रमाने करा. एखादे पालक आपले मूल बाकावरच बसावे असा आग्रह धरतील, तर पहिल्या सत्रापुरता तो मान्य करा. मुले मेजावर काय करतात हे घरी जाऊन तेच मूल सांगते आणि आग्रह सहसा दिवाळीपर्यंत मावळतो.

माझे सगळेच तुम्हाला लागू पडेल असे नाही. पट ४५ च्या पुढे असेल तर एवढी मोकळीक देता येत नाही आणि मग एकच कोपरा करावा. एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर मात्र या व्यवस्थेचा उपयोग दुप्पट होतो, कारण एका इयत्तेला शिकवताना दुसरी आपल्या जागी स्वतःचे काम करू शकते. पाटणच्या दोनशिक्षकी शाळेत मला याची गरज सर्वाधिक भासली होती.

जमिनीवरच्या बैठकीची दोन पथ्ये कटाक्षाने पाळा. सतरंज्या आणि वाकळा रोज सकाळी मुले आत येण्यापूर्वी मोठ्या माणसाने बाहेर नेऊन झटकाव्यात. गुंडाळलेल्या सतरंजीत विंचू निघालेला मी दोनदा पाहिला आहे, म्हणून हे काम मुलांवर कधीही सोपवू नका. दुसरे पथ्य ओलीचे. शहाबादी फरशीला पावसाळ्यात ओल धरते. तासगावात पाटणसारखा पाऊस नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये फरशी गार पडते आणि मुलांना तिच्यावर बसवत नाही. त्यामुळे काढलेली आठ बाके दुसऱ्या गावाला किंवा दुसऱ्या शाळेला देण्याची घाई करू नका. तशीही निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याची, रीतसर कार्यवाही झाल्याशिवाय ती देता येणार नाहीत. मुख्याध्यापकांच्या सहीने रजिस्टरला नोंद करून ती शाळेतल्याच ज्या वर्गात बाके कमी आहेत तेथे वापरायला द्या, पण पाऊस येईल अशा व्हरांड्यात ठेवू नका. फरशी ओली असेल तेवढे आठवडे ती परत आणून लावा, मेजे भिंतीला उभी करून ठेवा आणि एक पूर्ण पावसाळा तुमच्या खोलीत कसा जातो ते पाहून मगच किती बाके कायमची कमी करायची ते ठरवा.